अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

लक्षद्वीप आणि अंदमान एकाच सुट्टीत जोडून घ्यायचं ठरवणारे बरेच जण एकाच जागी फसतात. मोबाइलवर लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर या दोन विमानतळांमधलं अंतर शोधतात, 2,245 किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो, खाली ‘विमानाने सुमारे 3 तास’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या भरवशावर सुट्टीचे दिवस वाटले जातात. अंतर बरोबर असतं. पण ते 3 तास ज्या विमानाचे आहेत ते विमान या मार्गावर उडतच नाही, आणि अगत्तीच्या आजच्या धावपट्टीवरून उडूही शकणार नाही.

म्हणून अंतर आणि वेळ हे दोन आकडे वेगवेगळे काढायचे. खालचा क्रम मोडू नका. बहुतेक घोटाळे क्रम उलटा केल्यामुळेच होतात. उदाहरण अगत्ती–पोर्ट ब्लेअरचं घेतलं आहे, पण हीच रीत जगातल्या कुठल्याही दोन बेटांना लागू पडते.

## आधी हाताशी काय हवं

कागद, कोसाइनचं बटण असलेला कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो मिळतो), दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि तुमच्या नेमक्या तारखांचं वेळापत्रक. वेळापत्रक विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचं घ्या. तिकीट विकणाऱ्या साइट्सवर कधी कधी बंद झालेली उड्डाणंही दिसत राहतात.

शोधताना बेटाचं नाव टाकू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. अगत्तीचा एजीएक्स, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे पोर्ट ब्लेअर शहराचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, त्यामुळे काही ठिकाणी जुनं नाव चालतं, काही ठिकाणी नवं. कोड मात्र तोच राहिला. दुसरं, नुसतं ‘लक्षद्वीप’ टाकलं तर नकाशा बहुधा राजधानी कवरत्ती पकडतो. तिथे विमानाची धावपट्टी नाही, आणि अगत्तीपासून ती जवळजवळ 58 किलोमीटर समुद्रापलीकडे आहे. ‘अंदमान’ टाकलं तर टाचणी कुठल्याशा जंगलात पडते.

पडताळणी: नकाशावर टाचणी धावपट्टीवरच पडली आहे का, हे झूम करून पाहा. अगत्तीची धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, दोन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे ओळखायला सोपी.

## टप्पा 1: अक्षांश-रेखांश दशांशात आणा

गणितासाठी अंशांचे दशांश हवेत:

- अगत्ती: 10.8237 उत्तर, 72.1760 पूर्व
- पोर्ट ब्लेअर: 11.6412 उत्तर, 92.7297 पूर्व

इथे चुकतं: अधिकृत विमान नकाशांत हेच आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे जोडून लिहिलेले असतात. पोर्ट ब्लेअरचा रेखांश 92 अंश 43 मिनिटं 47 सेकंद आहे. तो पाहून लोक सरळ 92.4347 लिहितात. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3,600 ने भागून मिळवायला हवं होतं, मग 92.7297 येतं. या एका घाईने विमानतळ 32 किलोमीटर पश्चिमेला सरकतो.

पडताळणी: दशांश बिंदूनंतरचे पहिले दोन अंक आणि मूळ आकड्यातली मिनिटं अगदी तीच दिसत असतील तर रूपांतर झालेलंच नाही.

## टप्पा 2: हवाई अंतर काढा

विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपलं काम सोपं आहे. इथे गोलाची भूमिती न वापरताही उत्तर जवळजवळ अचूक येतं.

1. अक्षांशांतला फरक: 11.6412 वजा 10.8237, म्हणजे 0.8175 अंश. एका अंशाला 111.2 किलोमीटर धरले तर 91 किलोमीटर. हे झालं उत्तर-दक्षिण अंतर.
2. रेखांशांतला फरक: 92.7297 वजा 72.1760, म्हणजे 20.5537 अंश.
3. उत्तरेकडे जाऊ तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून सरासरी अक्षांशाचा कोसाइन घ्यायचा. सरासरी 11.23 अंश, त्याचा कोसाइन 0.981.
4. 20.5537 × 111.2 × 0.981 = 2,242 किलोमीटर. हे पूर्व-पश्चिम अंतर.
5. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: 2,244 किलोमीटर.

गोलावरचं काटेकोर सूत्र लावलं तर 2,243 येतात. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगीर आहे हे धरणारी साधनं आणखी तीन-चार किलोमीटर जास्त दाखवतील. या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. 2,245 धरा आणि पुढे चला.

इथे चुकतं, आणि पुष्कळदा चुकतं: विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत देतात. आपलं अंतर 1,212 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. रस्त्याचा मैल समजून 1.609 ने गुणलं तर उत्तर 1,950 येतं आणि जवळपास 300 किलोमीटर गायब होतात.

दुसरी चूक स्प्रेडशीटमधली. तिथला कोसाइन अंश ओळखत नाही, त्याला रेडियन लागतात. 11.23 तसंच टाकलंत तर 0.98 ऐवजी 0.23 च्या आसपास काहीतरी येईल, आणि अंदमान चेन्नईच्याही अलीकडे येऊन बसेल. आधी रेडियनमध्ये बदला.

ही सोपी रीत कुठे सोडायची? रेखांशांतला फरक 30 अंशांच्या पुढे गेला किंवा बेटं विषुववृत्तापासून लांब असली की. पॅसिफिकमधलं ईस्टर बेट ते ताहिती हे अंतर सोप्या रीतीने 4,269 किलोमीटर येतं, खरं गोलावरचं 4,249. वीस किलोमीटरने सहलीचं काही बिघडत नाही, पण पैज लावली असेल तर गोलाचं सूत्र वापरा.

## टप्पा 3: धावपट्टी आणि विमान जुळतात का ते पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि खरी मेख नेमकी इथेच आहे.

अगत्तीची धावपट्टी साधारण 1,200 मीटर आहे. पोर्ट ब्लेअरची जवळजवळ 3,300. एअरबस 320 च्या जातीच्या जेट विमानाला प्रवासी आणि इंधन भरून उडायला ढोबळमानाने दोन किलोमीटर धावपट्टी लागते, म्हणजे ते अगत्तीला बाद. अगत्तीला येतं ते एटीआर नावाचं पंख्याचं विमान. पण ‘एटीआर 72’ हे विमान प्रवासी भरल्यावर जातं ते दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर. आपल्याला हवेत 2,245.

थोडक्यात, जे विमान अगत्तीला उतरू शकतं ते पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकत नाही, आणि जे पोचू शकतं ते अगत्तीला उतरू शकत नाही. म्हणून मध्ये मुख्य भूमीवर उतरणं अटळ आहे. ‘थेट विमान कधी सुरू होणार’ या प्रश्नाचं उत्तर कंपन्यांच्या मर्जीत शोधू नका, धावपट्टीच्या लांबीत शोधा.

आखूड धावपट्टीचा आणखी एक परिणाम तुमच्या बॅगेवर होतो. उड्डाणाचं वजन मर्यादित ठेवावं लागतं, त्यामुळे या विमानांवर सामानाचे नियम कडक असतात. अंदमानच्या जेट विमानाची सामान-मर्यादा वाचून बॅग भरलीत तर अगत्तीच्या काउंटरवर जादा पैसे भराल, किंवा सामान मागे राहील. संपूर्ण प्रवासात सर्वांत लहान मर्यादा ज्या विमानाची, तिच्यात बसेल एवढंच सामान घ्या. डायव्हिंगचं सामान नेणाऱ्यांनी तर आधी फोन करून विचारावं.

पडताळणी: दोन बेटांमधला वेळ कुणी सांगितला की लगेच विचारा, ‘कुठल्या विमानाचा?’ उत्तर नसेल तर तो आकडा नुसता भागाकार आहे.

## टप्पा 4: प्रत्येक उड्डाणाचा हवेतला वेळ काढा

आता मार्गाचे तुकडे करा. व्यवहारात दोन मार्ग आहेत.

कोची–चेन्नईवरून: अगत्ती–कोची 468, कोची–चेन्नई 518, चेन्नई–पोर्ट ब्लेअर 1,372. एकूण 2,358 किलोमीटर.

बेंगळुरूवरून: अगत्ती–बेंगळुरू 657, बेंगळुरू–पोर्ट ब्लेअर 1,640. एकूण 2,297 किलोमीटर.

गंमत बघा, बेंगळुरूचा वळसा सरळ रेषेपेक्षा फक्त 50-55 किलोमीटरने जास्त आहे. म्हणजे अंतर वाढल्यामुळे वेळ वाढतो हा समज इथे साफ खोटा पडतो. वेळ खातं ते थांबणं.

वेळेचं सूत्र असं: अंतर भागिले वेग, अधिक अर्धा तास. एटीआरचा वेग ताशी 500 किलोमीटर धरा, जेटचा 830. अर्धा तास कशाचा? तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून ते उतरून परत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणं, उंची गाठणं, उतरताना वेग कमी करणं, उतरण्यासाठी वळसा घेणं, हे सगळं त्यात येतं.

- अगत्ती–कोची, एटीआर: 56 मिनिटं अधिक 30, म्हणजे सुमारे 1 तास 25 मिनिटं
- कोची–चेन्नई, जेट: सुमारे 1 तास 10 मिनिटं
- चेन्नई–पोर्ट ब्लेअर, जेट: सुमारे 2 तास 10 मिनिटं
- अगत्ती–बेंगळुरू, एटीआर: सुमारे 1 तास 50 मिनिटं
- बेंगळुरू–पोर्ट ब्लेअर, जेट: सुमारे 2 तास 30 मिनिटं

दोन्ही मार्गांनी हवेतला वेळ सव्वाचार ते पावणेपाच तासांच्या घरात येतो.

इथे चुकतं: सगळ्या तुकड्यांना जेटचा वेग लावणं. अगत्ती–बेंगळुरू जेटच्या हिशेबाने 1 तास 20 मिनिटांत संपतं, आणि मग त्या अर्ध्या तासाच्या फरकावर पुढचं विमान पकडायचा बेत केला जातो.

पडताळणी: तुमचा आकडा आणि वेळापत्रकातला वेळ यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक चालेल. कंपन्या उशीर झाकायला थोडी ढील ठेवतात. फरक अर्ध्या तासाच्या वर गेला तर विमानाचा प्रकार चुकीचा धरला असेल, किंवा ते उड्डाण मध्ये कुठेतरी थांबत असेल.

वाऱ्याचाही थोडा विचार करा. जून ते सप्टेंबरमध्ये खालच्या थरात, साधारण 6 किलोमीटर उंचीपर्यंत, वारा पश्चिमेकडून वाहतो. त्याच्या बऱ्याच वर, जेट उडतं त्या उंचीवर, तो पूर्वेकडून येतो. म्हणजे जुलैत अगत्तीहून कोचीला येणाऱ्या एटीआरला पाठीवर वारा मिळतो आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या जेटला तोंडावर. फरक मिनिटांचाच. पावसाळ्यात खरी भीती वाऱ्याने वेळ वाढण्याची नसते, ढग खाली आल्यावर छोट्या धावपट्टीवर उतरता न येण्याची असते.

## टप्पा 5: दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

आता हवेतला वेळ विसरा आणि घड्याळ लावा. दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींना नडतात. अगत्तीची विमानं दिवसाउजेडी ये-जा करतात आणि दिवसात मोजकीच असतात. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं मुख्य भूमीवरून पहाटे-सकाळी सुटतात; तिथली धावपट्टी नौदलाबरोबर वाटून वापरली जाते. त्यामुळे अगत्तीहून तुम्ही कोचीत किंवा बेंगळुरूत उतरेपर्यंत अंदमानची त्या दिवसाची विमानं बहुधा निघून गेलेली असतात. मुक्काम करावाच लागतो.

मासला म्हणून एक मांडणी पाहा (वेळा समजण्यापुरत्या आहेत, तुमच्या तारखेच्या वेगळ्या असतील):

- सकाळी 9 वाजता अगत्तीतल्या खोलीतून निघालात, 11 ला उड्डाण
- दुपारी 12:30 च्या सुमारास कोची
- संध्याकाळच्या विमानाने चेन्नई, रात्री विमानतळाजवळ मुक्काम
- दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला उड्डाण, 8:15 च्या सुमारास पोर्ट ब्लेअर
- सामान घेऊन 9 ला बाहेर

खोली सोडल्यापासून 24 तास. त्यांतले हवेतले पाच सुद्धा नाहीत. सुट्टीचा तक्ता करताना या प्रवासाला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र द्या. ‘अर्धा दिवस जाईल’ असं लिहू नका.

मधला मुक्काम वाचवायला म्हणून त्याच दिवशीचं जोडविमान कुणी दाखवलंच, तर दोन गोष्टी विचारा. सगळं एकाच तिकिटावर आहे का? आणि मध्ये किती वेळ आहे? तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी तुमची वाट पाहणार नाही, पैसेही बुडतील. शिवाय सामान मध्ये स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. वेगळ्या तिकिटांवर चार तासांपेक्षा कमी अंतर मी कुणालाच सुचवणार नाही, आणि अगत्तीच्या बाबतीत तर रात्रीचा मुक्कामच बरा.

सावध: दोन्ही विमानतळांवर घड्याळ एकच, पण सूर्य वेगळा. 20.55 अंश गुणिले 4 मिनिटं, म्हणजे पोर्ट ब्लेअरचा सूर्य अगत्तीच्या 82 मिनिटं पुढे आहे. हिवाळ्यात तिथे 5 च्या सुमारास मावळतो. दुपारी 3 ला उतरून ‘संध्याकाळ मोकळी आहे, हॅवलॉकला निघू’ असा बेत केलात तर फेरी बोट गेलेली असेल आणि उजेडही जात आलेला असेल. हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) त्याच दिवशी जायचं असेल तर सकाळचं विमान हवं.

## टप्पा 6: तिकिटं याच क्रमाने काढा

1. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना. बेटांबाहेरच्या भारतीयांनाही तो लागतो. अर्ज करताना तारखांना पुढे-मागे एखाद्या दिवसाची जागा ठेवा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील बेट इथे फिरायला भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. घरातल्या कुणाकडे परदेशी नागरिकत्व असेल तर त्यांचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत, त्यांचं काम सगळ्यात आधी हातात घ्या.
2. अगत्तीचं विमान. जागा कमी, उड्डाणं कमी. सगळा प्रवास या एका तिकिटावर टांगलेला आहे.
3. पोर्ट ब्लेअरचं विमान, अगत्तीहून निघण्याच्या दुसऱ्या दिवसाचं.
4. मधलं कोची–चेन्नई आणि मुक्काम शेवटी. या मार्गावर विमानं भरपूर, रात्रीची रेल्वेही आहे.

लोक बरोब्बर उलटं करतात. अंदमानचं तिकीट स्वस्तात दिसलं म्हणून आधी काढतात, मग अगत्तीच्या त्या दिवसाच्या जागा संपलेल्या असतात, आणि शेवटी स्वस्तातलं तिकीट दंड भरून बदलतात.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोव्यात मोपाहून अगत्तीला 2024 मध्ये छोट्या विमानाची थेट सेवा सुरू झाली. अंतर सुमारे 577 किलोमीटर. तळकोकणातून आणि कोल्हापूरकडून येणाऱ्यांना कोचीपर्यंत खाली उतरण्यापेक्षा ही सोयीची पडते. तुमच्या तारखांना ती आहे का ते आधी पाहा, कारण अशा मार्गांचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. अगत्ती–मोपा करून मग पोर्ट ब्लेअरला जाऊ नका मात्र. तो उत्तरेकडचा उगाच हेलपाटा होतो.

पडताळणी: अगत्तीचं विमान रद्द झालं तर पर्याय काय, हे निघण्याआधी कागदावर लिहा. कोचीला जाणारं जहाज आहे, पण त्याला 14 ते 18 तास लागतात आणि ते रोज नसतं. जहाज मिळालं तरी दुसऱ्या दिवशीचं अंदमानचं विमान हुकणारच. म्हणून त्या तिकिटात तारीख बदलता येण्याची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

## टप्पा 7: भारताबाहेरची बेटं असतील तर

रीत तीच, फक्त दोन खड्डे नवे.

पहिला, पूर्व आणि पश्चिम रेखांशांचा. फिजीतलं नांदी 177.44 पूर्व, कुक बेटांमधलं रारोटोंगा 159.81 पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून नुसती बेरीज केलीत तर 337.25 अंश येतात, म्हणजे जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा. उत्तर 180 च्या वर गेलं की ते 360 मधून वजा करा: 22.75 अंश. मग अंतर 2,413 किलोमीटर येतं, जेटने साधारण 3 तास 25 मिनिटं.

दुसरा खड्डा तारखेचा. नांदी जागतिक प्रमाणवेळेच्या 12 तास पुढे, रारोटोंगा 10 तास मागे. दोघांत 22 तासांचं अंतर. सोमवारी रात्री 8 ला नांदीहून असं विमान सुटलं तर ते रारोटोंगाला उतरेल सोमवारीच, पण पहाटे 1:25 ला. तिथल्या कॅलेंडरप्रमाणे सुटण्याच्या कितीतरी आधी. अशा वेळी हॉटेलची खोली सोमवारच्या रात्रीची नाही, रविवारच्या रात्रीची घ्यावी लागते. बुकिंगमध्ये ‘येण्याची तारीख’ रविवार टाका आणि शेऱ्यात ‘मध्यरात्रीनंतर पोचणार’ असं लिहा, म्हणजे रविवारी रात्री न आल्याबद्दल खोली दुसऱ्याला दिली जाणार नाही.